हे कोट्स काढले तर चालतील का?

कोड रिव्ह्यूमध्ये येणाऱ्या सूचनांची प्रतवारी लावली तर सगळ्यात तळाला एक सूचना असेल: ‘इथले कोट्स काढा, गरज नाहीये.’ दोन चिन्हं खोडायची, बाकी काही नाही. प्रोग्राम काल जसा चालत होता तसाच उद्याही चालणार. वापरणाऱ्याला फरक कळणार नाही, मॅनेजरला तर त्याहून नाही. तरीही या दोन चिन्हांवरून रंगलेल्या चर्चा मी जितक्या वाचल्या आहेत, तितक्या एखाद्या मोठ्या डिझाइनवरूनही वाचलेल्या नाहीत. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ रिकामटेकडेपणा वाटेल. मला त्यात एक खराखुरा नैतिक प्रश्न दिसतो. कोणीतरी लिहिलेलं, बरोबर चालणारं काम केवळ ‘सोपं व्हावं’ म्हणून बदलायला सांगण्याचा अधिकार मला कुठून मिळतो? आणि ते सोपं झालं, तर कोणासाठी?

ज्यांचा शेलशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सिनेमात हॅकर ज्या काळ्या खिडकीत भराभर टाइप करतो, त्या खिडकीत आपल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम म्हणजे शेल. स्टीफन बोर्न यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेला शेल 1979 साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर आला. आजच्या लिनक्स मशीनवर चालणारे शेल बहुतेक त्याच वळणावर गेलेत. या घराण्याची एक सवय आहे: स्पेस दिसली की तोडायचं. तुमच्या फोल्डरचं नाव ‘लग्नाचे फोटो’ असेल आणि ते $फोल्डर या व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं असेल, तर कोट्स न लावता ‘$फोल्डर उडव’ म्हटल्यावर शेल ‘लग्नाचे’ नावाची एक वस्तू आणि ‘फोटो’ नावाची दुसरी वस्तू उडवायला जातो. आणि शेजारी खरंच ‘फोटो’ नावाचा फोल्डर असेल, तर तो गेला. "$फोल्डर" असं दुहेरी कोट्समध्ये लिहिलं की नाव अखंड राहतं.

हे कल्पनेतलं उदाहरण नाही. नोव्हेंबर 2001 मध्ये ॲपलने मॅकसाठी आयट्यून्स 2.0 आणलं. त्याच्या इन्स्टॉलरमध्ये जुनी आवृत्ती काढून टाकणारी एक छोटी शेल स्क्रिप्ट होती आणि त्यात ड्राइव्हच्या मार्गाभोवती कोट्स नव्हते. ज्यांच्या ड्राइव्हच्या नावात स्पेस होती, म्हणजे समजा एक ‘डिस्क’ आणि दुसरी ‘डिस्क 1’, त्यांच्या बाबतीत ‘डिस्क 1’मधलं आयट्यून्स काढण्याऐवजी अख्खी ‘डिस्क’ पुसण्याची आज्ञा तयार व्हायची. काही लोकांचा डेटा गेला. ॲपलने घाईघाईने 2.0.1 काढलं. दुरुस्ती होती दोन कोट्सची.

या प्रसंगात मला जाणवतं ते हे, की इंजिनियर आपल्या फाइलींच्या नावात स्पेस देत नाही. अंडरस्कोर देतो, डॅश देतो. ती त्याच्या हातातली सवय आहे. स्पेस देतात ती बाकीची माणसं, जी नाव म्हणजे नाव समजतात. कोट्स न लावलेली स्क्रिप्ट गृहीत धरते की जगातले सगळे लोक माझ्यासारखे आहेत.

मग कोट्स सगळीकडे लावावेत, विषय संपला, असं वाटेल. इथे गंमत आहे.

शाळेत आपण शिकलो की बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे द्यायचे तर दुहेरी अवतरणचिन्ह, आणि एखाद्या शब्दाकडे लक्ष वेधायचं तर एकेरी. ‘घर दोन खोल्यांचं आहे’ हे वाक्य घराबद्दल आहे. ‘‘घर’ दोन अक्षरी आहे’ हे शब्दाबद्दल. बोलताना चिन्हं दिसत नाहीत, म्हणून मराठीने ‘असं’ आणि ‘म्हणून’ ठेवलेत: ‘ये म्हणून सांगितलं त्याला.’ अवतरण संपल्याची खूण आहे, सुरू झाल्याची नाही. संस्कृतातल्या ‘इति’चंही तेच.

पाणिनीला हा प्रश्न फार आधी पडला होता. अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात त्याने सांगून टाकलंय की माझ्या शास्त्रात शब्द आला तर तो स्वतःच्या रूपासाठी आला आहे असं समजा, अर्थासाठी नाही. अपवाद फक्त व्याकरणातल्या संज्ञांचा. अग्नीला प्रत्यय लावा म्हटलं तर तो ‘अग्नि’ या शब्दाला लागतो, निखाऱ्याला नाही. म्हणजे पाणिनीच्या जगात सगळं आधीच अवतरणात आहे. अर्थाकडे जायचं तर वेगळी खूण हवी.

शेल नेमका असाच आहे. जावा किंवा पायथनमध्ये नुसतं फोल्डर लिहिलं तर ते व्हेरिएबल, आणि कोट्समध्ये लिहिलं तर अक्षरं. शेलमध्ये उलट: नुसतं लिहिलं तर अक्षरं, आणि अर्थ हवा तर आधी डॉलरचं चिन्ह. म्हणून जावातून आलेला माणूस शेलमध्ये प्रत्येक शब्दाला कोट्स लावत सुटतो. त्याला वाटतं कोट्स लावले की ‘स्ट्रिंग’ होते. शेलमध्ये ती आधीच असते. कोट्सचं काम वेगळं आहे: तोडू नकोस आणि, एकेरी असतील तर, आतल्या कशालाही हात लावू नकोस. दुहेरीमध्ये डॉलरवाले शब्द उलगडतात, बाकी बहुतेक तसंच राहतं. असंच एक अर्धवट अवतरण क्वाइन या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1940 साली तर्कशास्त्रासाठी शोधलं: चौकट तीच, पण आतली चलपदं बदलू द्यायची. बोर्नने त्याच्याकडून घेतलं असं म्हणायला आधार नाही. गरज सारखी होती, एवढंच.

आता टेस्ट स्क्रिप्टकडे. टेस्ट स्क्रिप्ट म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामची परीक्षा घेणारा प्रोग्राम. उदाहरण म्हणून गिट घेतो, कारण त्याच्या टेस्ट्स उघड्यावर आहेत; फोनवरही वाचता येतात. 2005 साली लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आज जवळजवळ प्रत्येक इंजिनियरच्या मशीनवर असतं, आणि त्याच्या शेकडो टेस्ट स्क्रिप्ट शेलमध्ये लिहिलेल्या आहेत. प्रत्येक स्क्रिप्ट स्वतःसाठी एक तात्पुरती डिरेक्टरी बनवते आणि सगळे खेळ तिथे खेळते. त्या डिरेक्टरीचं नाव ‘ट्रॅश डिरेक्टरी’ या दोन शब्दांनी सुरू होतं. मधे स्पेस. मुद्दाम. कुठे कोट्स विसरले असतील तर टेस्ट तिथेच कोसळावी म्हणून. म्हणजे ‘लग्नाचे फोटो’वाला माणूस त्यांनी प्रत्येक परीक्षेच्या हॉलमध्ये कायमचा आणून बसवलाय. एका स्पेसमध्ये इतकी माणुसकी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पण याच टेस्ट्समध्ये कोट्सचा त्रासही सगळ्यात जास्त आहे. गिटमध्ये एका टेस्टचा पूर्ण मजकूर हा एका फंक्शनला दिलेला आर्ग्युमेंट असतो, एकेरी कोट्समध्ये गुंडाळलेला. फंक्शन तो घेतं आणि शेलकडून पुन्हा वाचून घेऊन चालवतं. म्हणजे तोच मजकूर शेल दोनदा वाचतो: एकदा गुंडाळलेला, एकदा उलगडलेला. आता त्या मजकुरातच एकेरी कोट हवा असेल तर? एकेरीच्या आत एकेरी बसत नाही, बॅकस्लॅश लावूनही नाही. मग आधी कोट बंद करा, बाहेर एक बॅकस्लॅश आणि एक कोट लिहा, आणि पुन्हा कोट उघडा. चार चिन्हं: '\''. एक पात्र काढण्यासाठी स्टेजवरचा पडदा पाडायचा, पात्र पडद्यापुढे उभं करायचं, आणि पडदा पुन्हा वर घ्यायचा. वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी हे मनात करावं लागतं.

यावर नवखा माणूस सोपा उपाय करतो: बाहेरचे कोट्स दुहेरी करून टाकतो. एकेरीचा प्रश्न मिटतो, पण आता आतल्या प्रत्येक डॉलरपुढे आणि प्रत्येक दुहेरी कोटपुढे बॅकस्लॅश लावावा लागतो. टेस्ट हिरवी होते. चालते. आणि मग रिव्ह्यूअर लिहितो: बाहेर एकेरी ठेवा, सगळे बॅकस्लॅश जातील.

इथे मी ठामपणे रिव्ह्यूअरच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण सौंदर्य नाही. बाहेर दुहेरी कोट्स असतील आणि एखाद्या डॉलरचा बॅकस्लॅश सुटला, तर त्या व्हेरिएबलची किंमत आधीच मजकुरात मिसळते, आणि मग मिसळलेला मजकूर शेल पुन्हा वाचतो. त्या किमतीत एखादा कोट किंवा स्पेस असेल तर ती आता माहिती राहत नाही, आज्ञेचा भाग होते. नाव सांगायला आलेला माणूस हुकूम देऊ लागतो. एकेरी कोट्समध्ये किंमत शेवटच्या क्षणापर्यंत किंमतच राहते. त्यामुळे हा बदल वाचायला हलका आहे आणि वागायलाही सुरक्षित. अर्थात दुसऱ्या बाजूलाही बोलायला जागा आहे: गिटची टेस्ट पडली की तिचा मजकूर स्क्रीनवर छापला जातो, आणि दुहेरीमध्ये लिहिलेल्या टेस्टमध्ये व्हेरिएबलच्या जागी खऱ्या किमती दिसतात. रात्री अकराला पडलेली टेस्ट शोधणाऱ्याला त्या उपयोगी पडतील. मला तरीही तो सौदा महाग वाटतो.

याहून मोठं सोपेपण मिळतं ते आर्ग्युमेंट पोहोचवण्याच्या पद्धतीत. अनेक ठिकाणी एखादं मदतनीस फंक्शन अख्खी आज्ञा एका लांबलचक स्ट्रिंगमध्ये मागतं आणि स्वतः पुन्हा उलगडून चालवतं. मग बोलावणाऱ्याला कोट्सच्या आत कोट्स लावावे लागतात. त्याऐवजी फंक्शनने आलेले शब्द "$@" या खुणेने जसेच्या तसे पुढे दिले, तर बोलावणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. नेहमीची आज्ञा लिहायची आणि तिच्या आधी फंक्शनचं नाव. ‘ही आज्ञा अपयशी व्हायला हवी’ हे तपासणारं गिटचं फंक्शन असंच चालतं. दोन निरोप्यांमधला हा फरक आहे. एक निरोप मिळाला तसा पोहोचवतो. दुसरा ऐकून, स्वतःला समजला तसा सांगतो, आणि म्हणून तुम्हाला त्याच्याशी बोलताना प्रत्येक वाक्य गैरसमज होणार नाही असं घोळवून बोलावं लागतं. अशा ठिकाणी कोट्स कमी करायचे असतील तर बोलावणाऱ्याला टोकू नये, निरोप्या बदलावा. रिव्ह्यूमध्ये हे फार वेळा उलटं होतं: खालच्या माणसाच्या ओळीतल्या चिन्हांवर सूचनांचा पाऊस, आणि ज्या फंक्शनमुळे ती चिन्हं लागली ते जुनं, ज्येष्ठांचं, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही.

आता अवघड भाग. ‘गरज नाही’ हे रिव्ह्यूअरला कसं माहीत?

शेलचा नियम आहे की साध्या असाइनमेंटमध्ये, म्हणजे एका व्हेरिएबलची किंमत दुसऱ्यात ठेवताना, स्पेसवर तोडफोड होत नाही. तिथे कोट्स लावले नाहीत तरी चालतं. नियम माहीत असलेला रिव्ह्यूअर तिथले कोट्स काढायला सांगतो, आणि तो बरोबर असतो. पण त्याच ओळीच्या आधी ‘लोकल’ हा शब्द लावला, म्हणजे हे व्हेरिएबल या फंक्शनपुरतंच आहे असं सांगितलं, की डॅश नावाच्या शेलच्या काही जुन्या आवृत्त्या ती किंमत स्पेसवर तोडतात. डॅश हा काही कोपऱ्यातला शेल नाही; उबुंटूमध्ये 2006 पासून तोच मूळ शेल आहे. 2024 मध्ये गिटच्या लोकांना हे नडलं. त्यांनी टेस्ट्समधल्या अशा जागा शोधून कोट्स लावले आणि कोडिंगच्या नियमावलीत तसं लिहून ठेवलं. बाजूची ओळ कोट्सशिवाय बरोबर, ही ओळ कोट्सशिवाय चूक. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात.

म्हणून ‘गरज नाही’ या विधानाचा खरा अर्थ असतो: मला माहीत असलेल्या मशीनवर, मला माहीत असलेल्या आवृत्तीत, गरज नाही. इंजिनियरिंगला असताना आम्हाला सिद्धता ‘प्रमेय’ मांडणाऱ्याकडून मागितली जायची. रिव्ह्यूमध्ये ती कोणी द्यायची? माझं मत असं, की जो बदल मागतो त्याने. ज्याने कोट्स लावले त्याने फार तर दोन चिन्हं जास्त लिहिली. त्याची चूक कोणाचा ड्राइव्ह पुसणार नाही. जो काढायला सांगतो तो एक संरक्षण काढायला सांगतोय, मग ते कितीही निरुपयोगी दिसो. काढण्याचं कारण त्याच सूचनेत, एका ओळीत लिहिणं त्याच्यावर बंधनकारक असावं.

आपल्याकडे हे जास्त लागू पडतं असं मला वाटतं. आपल्या ऑफिसांमध्ये ‘सर म्हणाले’ हे पुरेसं कारण असतं. एका ठिकाणी मी पाहिलंय: ज्येष्ठाने रिव्ह्यूमध्ये पाच शब्दांची सूचना टाकायची, नव्या मुलीने दहा मिनिटांत ‘डन’ लिहायचं, दोघंही खूश. तिला कळलं का, हे कोणी विचारत नाही. पुढच्या स्क्रिप्टमध्ये ती सगळीकडचे कोट्स काढते, कारण तिने नियम उचलला तो ‘कोट्स वाईट’ असा. तिथे $फोल्डर बाहेरून आलेला असतो. सूचना देणाऱ्याने दोन चिन्हं वाचवली आणि एक चुकीची सवय पेरली. टेस्ट स्क्रिप्टच्या बाबतीत तर हे हमखास होतं, कारण नवी टेस्ट कोणी कोऱ्या पानावर लिहीत नाही. शेजारची उचलायची आणि बदलायची. टेस्ट हे नकळत पाठ्यपुस्तक असतं.

याच कारणाने ‘टेस्टमधली नावं आपणच ठरवतो, तिथे कोट्स कशाला’ हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. आपण स्वतः लिहिलेल्या शब्दाभोवतीचे, म्हणजे शाखेच्या नावाभोवतीचे किंवा आकड्याभोवतीचे कोट्स जरूर काढावेत. ते वाचणाऱ्याच्या मनात उगाच शंका निर्माण करतात: इथे काही विशेष आहे का? तो थांबतो, शोधतो, काही सापडत नाही. दहा ठिकाणी असं झालं की अकराव्या ठिकाणचे खरोखर गरजेचे कोट्सही तो बघेनासा होतो. पण डॉलरने सुरू होणाऱ्या प्रत्येक गोष्टीभोवतीचे राहू द्यावेत, टेस्टमध्येही. आपण लिहिलेलं आणि बाहेरून आलेलं यांतली रेषा नजरेला दिसत राहावी, एवढ्यासाठी.

कोट्स म्हणजे कवच नव्हे, हेही सांगायला हवं. जानेवारी 2015 मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग ॲपच्या स्क्रिप्टने एका वापरणाऱ्याच्या फाइली पुसल्या. त्या ओळीत कोट्स व्यवस्थित होते. व्हेरिएबल रिकामं होतं, त्यामुळे ‘स्टीमच्या डिरेक्टरीतलं सगळं’ याचा अर्थ ‘मशीनवरचं सगळं’ असा झाला. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने स्वतःच शेरा मारून ठेवला होता की हे भीतीदायक आहे. शेरा लिहिला, तपासणी लिहिली नाही. इतकं कोट्सवर भांडणारे आपण रिकाम्या व्हेरिएबलवर किती वेळा अडवतो?

2024 मध्येच गिटमध्ये आणखी एक सोय आली. टेस्टचा मजकूर कोट्समध्ये न गुंडाळता स्वतंत्र ठोकळा म्हणून खाली लिहायचा, शेवटी समाप्तीचा एक शब्द. आत एकेरी, दुहेरी, काहीही वापरा. पडदा पाडणं-उचलणं नाही. निरोप्या बदलला. पण म्हणून जुन्या सगळ्या टेस्ट्स एका फटक्यात नव्या रूपात आणल्या नाहीत, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं; इतकी चिन्हं एकदम हलवली तर रिव्ह्यू करणारा दहाव्या पानानंतर नुसता स्क्रोल करतो.

त्यांच्या नियमावलीतली एक नोंद मला विशेष आवडते. आउटपुट एखाद्या फाइलमध्ये वळवताना, फाइलचं नाव व्हेरिएबलमध्ये असेल तर त्याला दुहेरी कोट्स लावा, असं ती सांगते. आणि पुढे सरळ कबूल करते की प्रमाण नियमानुसार याची गरज नाही. बॅशच्या काही आवृत्त्या कोट्स नसतील तर इशारा देतात, म्हणून आम्ही लावतो. ही नोंद वाचलेल्या कोणालाही ते कोट्स काढायला सांगण्याआधी ‘त्या आवृत्त्या अजून कोणी वापरतं का’ हे शोधावं लागेल. ज्या दिवशी कोणीच वापरत नसेल, त्या दिवशी काढण्याचा पॅच कोणीतरी पाठवेल, बहुधा एखादा विद्यार्थी, आणि त्याला काय शोधायचं हे आधीच माहीत असेल.